हवालदार, गुरुजी आणि आईची दोन नावे

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हयातीचा दाखला बँकेत नेऊन दिला तो नोव्हेंबर २०१८ च्या पहिल्या आठवड्यात, आणि तिसऱ्या आठवड्यात ते गेले. पेन्शन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरला आपण जिवंत असल्याचे लेखी कळवायचे असते. अण्णांना असे दोन दाखले द्यावे लागत, कारण त्यांना दोन पेन्शनी होत्या. एक फौजेची, मराठा लाइट इन्फंट्रीतल्या पंधरा वर्षांची. दुसरी जिल्हा परिषदेची, खटाव तालुक्यातल्या प्राथमिक शाळांमधल्या बावीस वर्षांची. वडूजच्या बाजारात निम्मी माणसे त्यांना 'हवालदार' म्हणून हाक मारीत आणि निम्मी 'गुरुजी' म्हणून. हाकेवरूनच ते समोरच्याचे वय ओळखीत, कारण 'गुरुजी' म्हणणारा बहुधा त्यांच्या हातची छडी खाल्लेला असे.

या दोन्ही पेन्शनी कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून आईच्या नावे करून घेण्याचे काम माझ्याकडे आले. एके काळी फौजेतून येऊन पुन्हा सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या विधवेला दोहोंपैकी एकच कुटुंब पेन्शन घेता येत असे. २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्ही मिळू लागल्या. हा बदल मला अण्णांनीच समजावून सांगितला होता. आपल्या मागे काय करायचे ते ते कोरड्या सुरात, उद्याच्या परेडची वेळ सांगावी तसे सांगत. मी स्वतः माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, अर्ज लिहिण्याची मला भीती नाही, आणि जिल्हा परिषदेचे काम दोन महिन्यांत झालेही, त्यामुळे फौजेचे कामही तसेच होईल असे मी धरून चालले होते. त्याला पंधरा महिने लागले.

सुरुवात ट्रंकेपासून झाली. फौजेतून आलेल्या माणसाच्या घरी काळी लोखंडी ट्रंक असतेच. आमच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने अण्णांचा सात आकडी नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले होते, आणि ती माळ्यावर नव्हे तर त्यांच्या खाटेखाली असे. तीत वर डिस्चार्ज बुक होते, त्याखाली पीपीओ, म्हणजे पेन्शनचा मूळ आदेश, मग तेलकट फडक्यात गुंडाळलेली पाच पदके: १९६५ चे रक्षा पदक, १९७१ चा पूर्वी स्टार आणि संग्राम पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक आणि नऊ वर्षांच्या सेवेचे पदक. सर्वांत खाली एका पिशवीत पत्रे होती, त्यांतली बरीचशी '९९ ए.पी.ओ.' या फौजी टपालाच्या पत्त्यावरून आलेली. अण्णांनी पत्रे कधी दाखवली नव्हती, आणि आम्हीही कधी मागितली नव्हती.

पीपीओ आणि आईचे आधार कार्ड घेऊन मी बँकेत गेले. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पुन्हा पाहिले आणि संकोचून विचारले, "मॅडम, साहेबांचं आधी एक लग्न झालं होतं का?" पीपीओवर पत्नीचे नाव होते हौसाबाई. आधार कार्ड, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, जिल्हा परिषदेचे सेवापुस्तक या सगळ्यांवर होते सुमन. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आईला हे नीट ऐकू गेले नव्हते, म्हणून मी तिला मोठ्याने सांगितले. ती म्हणाली, "मीच ती पयली, अन् मीच ती दुसरी. आता बोला."

आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचे नवे नाव लिहितात. आईचे माहेरचे नाव हौसा. मे १९७० मध्ये तिचे लग्न झाले तेव्हा आजीने ताटात 'सुमन' असे लिहवून घेतले. आजीला स्वतःला लिहिता येत नव्हते. भटजींनी तिचा हात धरला होता, असे आई सांगते. नाव बदलण्याची ही रीत इतक्या घरांत आहे की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी सांगू लागताच तिथल्या कल्याण संघटकांनी वाक्य पुरे होण्याच्या आधीच मान हलवली. दर महिन्याला अशा दोन-चार बाया येतात, म्हणाले. ते स्वतः निवृत्त सुभेदार होते आणि आईला शेवटपर्यंत 'वहिनी' म्हणत राहिले.

त्यांनी सगळा रस्ता एका कोऱ्या कागदावर काढून दिला. बँक पीपीओच्या बाहेर जाऊ शकत नाही. पीपीओतले नाव बदलायचे तर तो काढणाऱ्या लेखा कार्यालयाने, म्हणजे इलाहाबादच्या संरक्षण लेखा प्रधान नियंत्रकांनी, दुरुस्तीचा आदेश काढला पाहिजे. ते कार्यालय रेकॉर्ड ऑफिसने कळवल्याशिवाय काही करणार नाही. मराठा रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. तिथे आधी 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे शिपायाच्या नोंदींतल्या बदलाचा आदेश, निघून पत्नीचे नाव सुधारले गेले पाहिजे. आणि रेकॉर्ड ऑफिसला त्यासाठी पुरावा हवा: प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेले प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांतली जाहिरात, आणि हौसा व सुमन या एकच असल्याचे दाखवणारा एखादा जुना कागद. शेवटचे वाक्य लिहून त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या. लग्नाची नोंदणी झालेली नव्हती, पत्रिका छापलेली नव्हती, आणि लग्नाला हजर असलेल्या माणसांपैकी तालुक्यात आता तिघेच उरले होते.

जुना कागद मिळण्याची एकच जागा होती, ती म्हणजे आईची शाळा. माण तालुक्यातल्या तिच्या माहेरच्या गावी ती चौथीपर्यंत शिकली होती. जानेवारीत एका शनिवारी आम्ही दोघी तिथे गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टरचा पहिला खंड काढला, धूळ झटकली आणि पाने उलटताना आईला वर्ष विचारले. तिला वर्ष माहीत नव्हते; तिला एवढेच आठवत होते की तिच्या पुढच्या बाकावरच्या मुलीचे नाव चंद्रभागा होते आणि ती देवीच्या आजारात दगावली. मुख्याध्यापकांनी चंद्रभागा शोधली, आणि तिच्याखाली चौथ्या ओळीवर हौसा सापडली: वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख १ जून १९५२, शाळा सोडण्याचे कारण 'घरकाम'. अण्णांचीही जन्मतारीख १ जूनच. आमच्या आईवडिलांच्या पिढीतली निम्मी माणसे एकाच दिवशी जन्मली, कारण मास्तरांनी शाळा उघडण्याच्या महिन्याची पहिली तारीख मांडून टाकली. आणि पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला गावोगावच्या शाळांत हारतुऱ्यांची रांग लागते. अण्णा ३१ मे २००३ ला निवृत्त झाले तेव्हा तालुक्यात हारांचा तुटवडा पडला होता, असे ते गमतीने सांगत.

ते रजिस्टर पाहताना मला राहून राहून अण्णा आठवत होते, कारण नाव लिहिण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर मास्तर मी पाहिलेला नाही. त्यांची मास्तरकी उशिरा सुरू झाली. १९६३ साली, चीनच्या युद्धानंतर फौज वाढत होती तेव्हा, जुनी अकरावी पास होऊन ते भरती झाले. १९७८ च्या अखेरीस हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. चौतिसाव्या वर्षी, मिसरूड फुटलेल्या पोरांच्या शेजारी बसून, त्यांनी दोन वर्षांचे डी.एड. केले, आणि माजी सैनिकांना वयात मिळणाऱ्या सवलतीमुळे १९८१ मध्ये त्यांना नेमणूक मिळाली. पहिली शाळा एका वाडीवर, एक खोली, चार इयत्ता आणि ते एकटे. खडू-फळा मोहिमेत दुसरा शिक्षक येईपर्यंत सहा-सात वर्षे ते असेच चालले. जूनमध्ये दाखलपात्र मुलांची यादी करायला ते सायकलवर घरोघर जात आणि प्रत्येक मुलाचे नाव आईला, आजीला, शेजाऱ्याला असे तिघांना विचारून मगच लिहीत.

आमच्या जिल्ह्यात याला एक वेगळे कारणही होते. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचे नाव नकुशी ठेवायचे, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल, अशी समजूत पुष्कळ घरांत होती. मुलीचे नाव नकुशी सांगितले की अण्णा पेन खाली ठेवीत. भांडत नसत, उपदेशही करीत नसत. "मला जोडाक्षराचं एखादं नाव सांगा, पोरगी पुढं लिहायला शिकेल," असे काहीतरी बोलून घरच्यांना ओट्यावर बसवून ठेवीत आणि नाव ठरले की लिहून उठत. एका घरी त्यांना तीन वेळा जावे लागले. त्या मुलीचे नाव शेवटी उज्ज्वला ठेवले, आणि चौथीपर्यंत तिला ते धडपणे लिहिता आले नाही, हेही तेच हसत सांगत. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात २८५ मुलींची अशी नावे समारंभाने बदलण्यात आली तेव्हा अण्णा निवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती. त्या बातमीचे कात्रण मला ट्रंकेत पीपीओच्या घडीत सापडले. ज्या कागदावर बायकोचे नाव निराळे होते, त्याच कागदाच्या घडीत.

म्हणून मला कळेना की या माणसाने ही चूक अठ्ठेचाळीस वर्षे राहू कशी दिली. उत्तर पत्रांमध्ये होते. पत्रे सगळी आजोबांच्या नावे आहेत, 'ती. दादांचे चरणी शि. सा. न. वि. वि.' अशी सुरू होणारी, पावसाची आणि बैलांची चौकशी करणारी. एकत्र कुटुंबात तरुण मुलाने बायकोला वेगळे पत्र लिहिण्याचा तो काळ नव्हता. मात्र १९७० नंतरच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, आणि ती 'हौसास सांगणे' अशी सुरू होते. आई त्यांच्या मामाची मुलगी. ते तिला परकरातली असल्यापासून हौसा म्हणून ओळखत होते, आणि ताटात काय लिहिले गेले याने त्यांच्या दृष्टीने काही बदलले नसावे. रजा संपवून पलटणीत परतल्यावर त्यांनी लग्न झाल्याचे कळवले आणि क्लार्कने पत्नीचे नाव विचारताच तोंडात आले ते सांगितले. १९८१ मध्ये जिल्हा परिषदेचे सेवापुस्तक भरले गेले ते शिधापत्रिकेवरून, म्हणून तिथे सुमन आली. चूक कोणाच्याही कार्यालयाची नव्हती.

या पत्रांतली दोन मी वेगळी ठेवली आहेत. अण्णा जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनमध्ये होते. ही पलटण १७६८ ची. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली ती ९५ माउंटन ब्रिगेडबरोबर मेघालयाच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात उतरली, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीशी गेली आणि तिने शहरातून दक्षिणेकडे टांगाइलला जाणारा रस्ता अडवला. आत ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण होती. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याचे पत्र मुक्तिवाहिनीच्या एका माणसाच्या हाती आत पाठवले. बलुचांच्या लेफ्टनंट कर्नलने उत्तरासोबत एक गोळी गुंडाळून दिली, आणि पुढच्या भेटीत तुमच्या हाती लेखणीऐवजी स्टेनगन दिसावी असे लिहिले. १० तारखेच्या रात्री ते बाहेर पडायला निघाले आणि मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळले. ११ ला सकाळी जमालपूर पडले. पाचच दिवसांनी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या.

युद्धातली एवढी एकच गोष्ट अण्णा वर्गात सांगत, आणि तीही निबंधलेखनाच्या तासाला. पत्र नेणाऱ्या माणसाला किती मार बसला असेल, त्याच्या हातात नेमके काय लिहिलेले आहे हे त्याला ठाऊक असेल का, असे ते मुलांना विचारीत. रात्रीच्या लढाईबद्दल कोणी विचारले की म्हणत, "अंधार होता, मला काय दिसलं असणार?" त्यांचे डिसेंबरअखेरचे पत्र आठ ओळींचे आहे. आम्ही सर्व खुशाल आहोत, थंडी फार आहे, नदी फार मोठी आहे, येरळेसारख्या शंभर नद्या मावतील, आणि हौसास सांगणे की स्वेटर मिळाला. दुसरे पत्र १९७२ च्या उन्हाळ्यातले, दुष्काळाच्या वर्षातले. त्यात ते बैल विकू नका म्हणून वडिलांना विनवीत आहेत. ते पोचण्याच्या आधीच बैल विकले गेले होते.

अण्णांची फौज शाळेत उतरली ती गोष्टींतून नव्हे, हातांतून. हल्ल्याच्या आधी जमिनीवर माती-वाळूने सगळा मुलूख उठवून दाखवतात, त्याला 'सँड मॉडेल' म्हणतात. अण्णा दर वर्षी शाळेच्या आवारात खटाव तालुक्याचे असे मॉडेल करून घेत. येरळा फक्कीने, औंधचा यमाईचा डोंगर आणि वर्धनगड ओल्या मातीने, मायणीचा तलाव आरशाच्या तुकड्याने, आणि आपली वाडी म्हणजे एक शेंगदाणा. मुलांनी शेंगदाणा उचलून खाल्ला तर तालुक्यात वाडी कुठे होती ते पुन्हा दाखवल्याशिवाय घरी सोडायचे नाहीत. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून, तो आणि बारा यांच्या मधोमध दक्षिण कशी सापडते, हे मी त्यांच्याकडून पाच वर्षांची असताना शिकले, आणि बेळगावच्या स्टेशनाबाहेर उगाचच करून पाहिले.

बेळगावला जाण्याआधी एक फाटा फुटला होता, तोही सांगते. अण्णांच्या उजव्या पिंडरीवर वीतभर व्रण होता. सेवापुस्तकात ओळखीची खूण म्हणून त्याची नोंद आहे. १९६३ च्या भरतीच्या नोंदीत मात्र फक्त डाव्या भुवईवरचा व्रण आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर मधल्या अठरा वर्षांत ती खूण झाली हे उघड होते, आणि गावात सगळे मानत की ती जमालपूरची गोळी. अण्णांनी हे कधी सांगितले नव्हते; कोणी विचारले तर "लागलं होतं" एवढेच म्हणत. अंत्यविधीच्या दिवशी दोघा-तिघांनी मला सांगितले की जखमेची पेन्शन मागा, ती जास्त असते. मी आशेने पुन्हा ट्रंक उपसली आणि डिस्चार्ज बुकाच्या मागच्या खिशात १९६८ चा दुखापतीचा अहवाल मिळाला. व्हॉलीबॉल खेळताना जाळ्याचा लोखंडी खांब पिंडरीत घुसला होता. गावात मी हे अजून कोणाला सांगितलेले नाही. ते खोटे बोलले नाहीत, पण लोकांचा समज मोडायलाही कधी गेले नाहीत, आणि त्यांच्या काटेकोरपणात ही एवढी फट होती हे कळून मला थोडे बरे वाटले.

मार्च २०१९ मध्ये वडूजच्या न्यायालयात आईने प्रतिज्ञापत्र केले, जाहिराती छापून आल्या, शाळेचा दाखला होताच, आणि मी सगळी फाइल रेकॉर्ड ऑफिसला पोस्टाने पाठवली. जूनमध्ये ती परत आली. प्रतिज्ञापत्रात अण्णांच्या नंबरातले दोन आकडे उलटसुलट झाले होते. टंकलेखकाने चूक केली, पण ती वाचून सही घेणारी मी होते, आणि मी रोज मुलांच्या वह्या तपासते. सगळे पुन्हा करावे लागले. या खेपेला फाइल पोस्टात न टाकता मी आईला घेऊन रात्रीच्या गाडीने बेळगावला गेले.

मराठा रेजिमेंटच्या केंद्राच्या फाटकावर पास करून आम्ही आत गेलो. मैदानावर रंगरूट धावत होते, आणि आई थांबून त्यांच्याकडे पाहत राहिली. अण्णा याच मैदानावर धावले हे तिला माहीत होते, पण ते तिने आज पहिल्यांदा पाहिले. काउंटरवरचा नाईक सांगली जिल्ह्यातला होता. त्याने प्रतिज्ञापत्र शब्दशः वाचले, जाहिरातींची मूळ पाने आहेत की झेरॉक्स हे बोटाने चाचपून पाहिले, आणि आईला विचारले, "आजी, साहेबांचा नंबर?" मी कागद शोधू लागले तोवर आईने सातही आकडे घडाघडा सांगून टाकले. तिने पत्रे वाचायची ती पत्त्यापासून वाचायची, त्यामुळे नंबर तिला नावाच्या आधी पाठ झाला होता. नाईकाने संगणकात पाहून १९७० ची मूळ नोंद असल्याचे सांगितले. लग्नाची तारीख, गाव, आणि पत्नीचे नाव हौसाबाई.

त्याने अर्जातल्या एका वाक्यावर बोट ठेवले. 'हौसाबाई या नावाऐवजी सुमन असे वाचावे' असे तिथे लिहिले होते. असे झाले की जुने नाव नोंदीतून जाते, म्हणाला, चालेल ना? प्रश्न रीतसर होता, उत्तर अर्थातच हो होते. आई म्हणाली, "जाऊ दे, बाळा. पैसे येण्याशी मतलब." पण परतीच्या बसमध्ये निपाणी येईपर्यंत ती बोलली नाही, आणि मग म्हणाली की सुमन म्हणून तिला आयुष्यात कोणी हाकच मारली नव्हती. सासूसासरे 'सूनबाई' म्हणत, वाडीवर सगळे 'मास्तरीणबाई' म्हणत, आम्ही मुले 'आई' म्हणतो, आणि अण्णा चारचौघांत 'अगं' म्हणत. हौसा एकट्या त्यांच्या पत्रांत राहिली होती, आणि फौजेच्या त्या एका कागदावर. मला त्यावर काय बोलावे ते सुचले नाही. मी तिला विचारले की अर्ज मागे घ्यायचा का, उर्फ लावून दोन्ही नावे ठेवता येतात का ते विचारू का. मी वेडी असल्यासारखे ती माझ्याकडे पाहू लागली. पुन्हा पंधराशे रुपयांची जाहिरात कोण देणार, म्हणाली.

त्या प्रवासात एक गोष्ट मात्र मला गमतीची वाटली. आमचा अर्ज ज्या गावांतून जाणार होता ती सगळी स्वतःच नावे बदलून बसली होती. बेळगावचे सरकारी नाव २०१४ पासून बेळगावी. इलाहाबाद तर अण्णा गेले त्याच्या आदल्या महिन्यात प्रयागराज झाले होते, आणि मी पहिल्या अर्जावर लिहिलेला पत्ता त्यामुळे जुना ठरला होता. त्या गावांना प्रतिज्ञापत्र करावे लागले नाही.

पुढचे महिने वाट पाहण्याचे होते. पार्ट टू ऑर्डर निघाल्याचे पत्र ऑक्टोबरात आले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दुरुस्त पीपीओ बँकेत पोचला. कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या तीस टक्के असते आणि २०१६ पासून ते नऊ हजारांच्या खाली जाऊ शकत नाही. अण्णांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी एकरकमी जमा झाली. ज्या अधिकाऱ्याने आम्हाला पहिल्या दिवशी 'आधीच्या लग्ना'बद्दल विचारले होते त्यानेच फोन करून कळवले, आणि आईने त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू पाठवले. महिन्याभरात टाळेबंदी लागली. फाइल तेव्हा कुठे मध्येच असती तर काय झाले असते, हा विचार मी अजूनही टाळते.

जाहिरातीचे कात्रण आईने कापून ट्रंकेत ठेवले आहे, नकुशींच्या बातमीशेजारी. पत्रांची पिशवी मात्र तिने ट्रंकेतून काढून स्वतःच्या कपाटात नेली.

नोव्हेंबर २०२० मध्ये तिने फौजेच्या पेन्शनीसाठी आपला पहिला हयातीचा दाखला दिला. मास्क लावून, वर्तुळात उभे राहून तिचा नंबर आला. सही करायला ती आठवडाभर पाटीवर 'सुमन' गिरवत होती, कारण चौथीपर्यंत जे नाव लिहायला शिकली ते दुसरे होते. तिने सावकाश सही केली. खिडकीतल्या मुलीने पीपीओ नंबर विचारला, आणि आईने अण्णांचा फौजेतला नंबर सांगायला सुरुवात केली. तो नको आजी, असे ती मुलगी दोनदा म्हणाली, पण सातवा आकडा होईपर्यंत आई थांबली नाही.